विटी, ओळंबा आणि कोठीतील एक खोली

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस जालना जिल्ह्यातील एका गावाहून आम्हांस एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ व्यवसायाने गवंडी. या सदराचे ते जुने वाचक असले तरी आजवर त्यांनी आम्हांस कधी लिहिले नव्हते. मजकूर थोडक्यात असा : त्यांची थोरली मुलगी हैदराबादेस आत्याच्या घरी राहून विज्ञानाच्या पदवीचे शिक्षण घेते. विषय गणित व संगणक. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी ती गणितात नापास झाली आणि ही गोष्ट तिने सहा आठवडे घरी कळविली नाही. आत्याकडे चौकशी करता असे समजले की, मुलगी रात्री दोन दोन वाजेपर्यंत संगणकावर ‘खेळ करीत’ बसते आणि रविवारी पहाटे मोबाईल हाती धरून रस्त्याच्या मधोमध स्वतःभोवती फिरते. शेवटी त्यांनी लिहिले होते, “फीसाठी एक एकर गहाण पडले आहे. पोरीला परत आणावी की राहू द्यावी, ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसे करू.”

या शेवटच्या वाक्याने आम्ही भ्यालो. काही वर्षांपूर्वी अशाच एका पित्यास आम्ही बसल्या जागेवरून उत्तर धाडले होते. मुलगा कॉलेज सोडून घरी आला, आणि पुढे जे कळले त्यावरून ते उत्तर चुकीचे होते अशी आमची खात्री झाली. तेव्हापासून पाहिल्यावाचून बोलावयाचे नाही असा आम्ही स्वतःस नियम घातला आहे. सुदैवाने नांदेडकडे आमचे काही काम निघाले होते. तेथून पुढे हैदराबादेपर्यंत जाण्याचे आम्ही ठरविले, आणि गणितातले आम्हांस काही कळत नसल्याने आमच्या स्नेहातील एका निवृत्त गणितशिक्षकांस बरोबर घेतले. त्यांस आम्ही येथे गुरुजी म्हणू.

मराठवाड्यातील माणसास हैदराबाद परके वाटत नाही. १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. परंतु मनमाडहून जालना, परभणी, नांदेड करीत काचीगुड्यास जाणारा लोहमार्ग सरहद्दी बदलल्या म्हणून वळला नाही. काचीगुड्यास उतरले की कोठी फार दूर नाही. कोठी म्हणजे मोठी हवेली. येथील हवेली म्हणजे इंग्रज रेसिडेंटचा वाडा, आणि त्यावरूनच या भागास नाव पडले. शेजारचा सुलतान बाजार हा पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. तेथे निजामाचा अंमल नसून रेसिडेंटचा होता, आणि १९३३ साली तो निजामास परत मिळाला. जवळच जामबागेत विवेकवर्धिनी ही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेली मराठी मंडळींची शिक्षणसंस्था आहे. आता सुलतान बाजारावरून २०२० पासून मेट्रो धावते. तिच्या खांबांखाली तेच कापडवाले, तेच बांगडीवाले, आणि कोठीच्या पदपथांवर वैद्यकीच्या व इंजिनिअरिंगच्या जुन्या पुस्तकांचे तेच ढीग.

आत्याबाईंचे घर अशाच एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आहे. यजमान विजेच्या सामानाच्या दुकानात कामास असतात. आत्याबाईंचे मराठी स्वच्छ, मात्र मधूनमधून दखनीतला ‘नक्को’ त्यात डोकावतो. चहा पुढे ठेवता ठेवताच त्यांनी तक्रारींचा पाढा वाचला. भाचीचे ताट रोज झाकून ठेवावे लागते, विजेचे बिल वाढले आहे, आणि गेल्या महिन्यात फोटो काढण्यासाठी तिने खोलीतील पलंग ओढला तो भिंतीचा गिलावा उडाला. मुलगी दाराशी उभी राहून सारे ऐकत होती. ती म्हणाली, “आत्या, गिलावा मी लावून दिला ना?” तो खरोखरच तिने लावला होता आणि चांगला लावला होता. गवंड्याची मुलगी.

गुरुजींनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला. “खेळ करतेस म्हणजे काय? खेळतेस की बनवतेस?” आम्हांस आणि तिच्या वडिलांस हा भेद सुचलाच नव्हता. ती खेळ बनवीत होती. आत्याबाई ‘खेळ करते’ असे म्हणाल्या होत्या तेही खरेच होते, ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ आपल्या भयाप्रमाणे लावला.

तिने जो खेळ आम्हांस दाखविला तो विटीदांडूचा. पडद्यावर खाली तपकिरी जमीन, तीत लांबट खड्डा, खड्ड्यावर आडवी विटी. एक कळ दाबली की विटी कोलली जाते आणि दुसरी नेमक्या वेळी दाबली तर टोला बसतो. मग विटी पडल्याचे अंतर दांडूने मोजले जाते आणि वकट, लेंड, मूंड, नाल असे शब्द एकामागून एक उमटतात. आमच्या गावाकडच्या मुलांच्याही तोंडी आता हे शब्द क्वचितच येतात. चित्रे साधी होती. खेळणारा मुलगा म्हणजे एक वर्तुळ आणि पाच रेघा. परंतु विटीचे उडणे मात्र असे अस्सल होते की आम्ही नकळत मान वर केली.

हे उडणे कसे साधते ते तिने आम्हांस सांगितले, आणि आम्हांस समजले तेवढे येथे देतो. पडद्यावरील चित्र हलत नसते. ते सेकंदास साठ वेळा पुसून नव्याने काढले जाते, आणि प्रत्येक वेळी विटी किंचित पुढे सरकविली जाते. कळ दाबली आहे काय ते पाहावयाचे, विटीची नवी जागा काढावयाची, चित्र काढावयाचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे रहाट जोवर फिरते तोवर खेळ चालू. तिने हे पायथन नावाच्या भाषेत लिहिले आहे. ही संगणकाची भाषा १९९१ पासून सर्वांस फुकट उपलब्ध आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील तरुणांनी १९६२ साली मोठ्या संगणकावर दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला, तेव्हाही रहाट हेच होते. मॉस्कोतील अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८० च्या दशकात कचेरीतल्या कामाच्या संगणकावर पडत्या ठोकळ्यांचा टेट्रिस हा खेळ रचला, त्याचेही हेच.

आरंभी तिची विटी सरळ रेषेत उडून पडद्याबाहेर जाई आणि परतच येत नसे. मग ध्यानात आले की पृथ्वी तिला ओढते हे संगणकास कोणी सांगितलेलेच नाही. दर फेरीस वर जाण्याच्या वेगातून ठरावीक अंश वजा करावयास लागताच विटीस कमान आली. दुसरी खोड अधिक मजेची. विटी कधी कधी दांडूच्या आरपार जाई आणि टोला लागतच नसे. विटीचा वेग सेकंदास तीस मीटर धरला तर दर चित्रागणिक ती अर्धा मीटर पुढे उडी घेते. दांडू तर तीन-चार बोटे जाड. एका चित्रात विटी दांडूच्या अलीकडे, पुढच्यात पलीकडे. दोघांची गाठ पडावयाची कशी? तेव्हा दोन जागांमधील रेषा दांडूस छेदते काय हे तपासावे लागले. हे तिने कोठून शिकले असे विचारता म्हणाली, “कुठून नाही. तीन रात्री लागल्या.” आत्याबाईंनी येथे दीर्घ निःश्वास टाकला.

तिसरी खोड ऐकताच गुरुजी खुर्चीवरून उठले. तिने विटीस तीस अंशांच्या कोनात उडविण्यास सांगितले, तर विटी जवळजवळ सरळ खाली जमिनीत घुसली. पंचेचाळीस सांगितले तर बरीच चढी उडाली. नव्वद सांगितले तर मागे गेली. तिने आठवडाभर डोके आपटले. गुरुजी कागदावर आकडेमोड करीत म्हणाले, “अगं, ते यंत्र अंश जाणत नाही, रेडियन जाणते. एका पूर्ण फेऱ्यात सहा पूर्णांक अठ्ठावीस रेडियन. तीस रेडियन म्हणजे चार फेरे होऊन उरतात सुमारे दोनशे एकोणऐंशी अंश. खालीच जाणार! पंचेचाळीस म्हणजे उरतात अठ्ठावन्न.” मुलीने सांगितले की हे तिला पुढे कळले आणि तेव्हापासून ती प्रत्येक कोनास एका आकड्याने गुणते. “तो आकडा कोठून आला?” तो तिला ठाऊक नव्हता, कोणीतरी सांगितला होता. पाय भागिले एकशे ऐंशी. शाळेत तिने तो शंभर वेळा लिहिला होता.

येथे आमच्या मनात प्रथमच शंका आली की, या घरात जे चालले आहे ते वडील समजतात तेही नव्हे आणि मुलगी समजते तेही नव्हे.

आता त्या गोल फोटोंविषयी. एका जागी उभे राहून सभोवारचे सर्व दृश्य एका चित्रात आणण्याची हौस जुनी आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली एडिंबरो येथे असताना या कल्पनेचा हक्क नोंदविला आणि १७९३ साली लंडनात त्यासाठी खास वाटोळी इमारत उभी केली. लोक पैसे देऊन आत जात, मध्यभागी उभे राहत आणि चहूकडे रंगविलेले शहर पाहत. पॅनोरामा हा शब्द याच उद्योगातून आला. कॅमेरा आल्यावर आपल्याकडेही हे प्रयोग झाले. फेलिचे बेआतो याने १८५८ साली लखनौचे विस्तीर्ण देखावे अनेक छायाचित्रे एकास एक जोडून सिद्ध केले. आज मोबाईलमध्ये यासाठी एक बटण असते, ते दाबून हात फिरविला की लांब पट्टी निघते. पण या मुलीस पट्टी नको होती. वर आकाश, खाली स्वतःचे पाय, मागे पाठीकडची भिंत, असा संपूर्ण गोल तिला हवा होता. पाहणाऱ्याने मोबाईल हातात धरून जिकडे मान वळवावी तिकडचे दिसावे.

त्यासाठी ती मोबाईल उभा धरून एका फेऱ्यात बारा छायाचित्रे घेते, प्रत्येकात शेजारच्याचा तिसरा हिस्सा पुन्हा येईल अशी. मग थोडे वर झुकवून बारा, खाली झुकवून बारा, शिवाय डोक्यावरचे आणि पायाखालचे. सारी मिळून चाळीसच्या आसपास. ती जोडण्याचे काम ह्युगिन नावाचा प्रोग्राम करतो. तोही विनामूल्य. जर्मनीतील हेल्मुट डेर्श या प्राध्यापकांनी १९९८ च्या सुमारास जी साधने लिहून लोकांस मोकळी करून दिली, त्यांच्या पायावर तो उभा आहे. दोन चित्रांत समान असलेला खिडकीचा कोपरा किंवा फलकावरचे अक्षर संगणक स्वतः हुडकतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मॅथ्यू ब्राऊन व डेव्हिड लो यांनी २००३ साली दाखवून दिले की, चित्रांचा कसाही गठ्ठा दिला तरी कोणते कोणाचे शेजारी हे यंत्रास आपले आपण ओळखता येते.

तिने सुलतान बाजार रविवारी पहाटे टिपला, कारण इतर वेळी माणसे हलतात आणि जोडलेल्या चित्रात अर्धा रिक्षावाला किंवा शिराविना म्हैस उरते. तिने आपल्या कॉलेजाचे आवारही टिपले आहे. हे महिलांचे कॉलेज १९४९ पासून त्याच रेसिडेन्सीत आहे, आणि त्यास २०२२ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. उंच खांब, रुंद पायऱ्या, दोहों बाजूंस दगडी सिंह, हे सारे तिच्या चित्रात होते, आणि ते सुरेख होते यात संशय नाही.

या वाड्याची एक कथा तिने आम्हांस सांगितली. तो बांधण्याचे काम १८०३ च्या सुमारास सुरू झाले ते रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक याच्या हौसेने. त्याने हैदराबादेतील एका उमराव घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी विवाह केला होता. ती पडद्यात राहणारी. आपल्या नवऱ्याने बांधलेला वाडा दर्शनी बाजूने कसा दिसतो हे तिला पाहता येईना, म्हणून त्याने जनान्याच्या बागेत त्या वाड्याची लहानशी प्रतिकृती करविली, असे सांगतात. ती प्रतिकृती आवारात आजही आहे. “म्हणजे जिला जाता येत नाही तिच्यासाठी जागाच तिच्याकडे आणली,” ती मुलगी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “मी आजीसाठी हे सुरू केलं.”

तिची आजी दोन वर्षांपासून अंथरुणास खिळून आहे. आजीचे सासरे हैदराबादेस इमारतींच्या कामावर जात, तेव्हापासून त्या घरात या शहराची नावे ऐकिवात आहेत, पण आजीने ते पाहिले नाही. नातीने पहिला गोल फोटो रेसिडेन्सीच्या पायऱ्यांवरून काढून धाकट्या भावाच्या मोबाईलवर पाठविला. आजीने सिंह पाहिले, खांब पाहिले आणि विचारले, “हे मोठं झालं. ही निजते कुठं?”

आणि येथेच सारे अडले. मोठे मैदान टिपणे सोपे, दहा फुटांची खोली टिपणे कठीण. वाचकांनी हात लांब करून अंगठा उभा धरावा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटून पाहावे. अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. दूरच्या टेकडीवर बोट धरण्याऐवजी टेकडीच टेकडीशी ताडली तर असे काही होत नाही. कॅमेऱ्याचेही तसेच. आपण मोबाईल हातात धरून फिरतो तेव्हा फिरतो आपण. भिंग आपल्याभोवती वीतभर अंतरावरून प्रदक्षिणा घालते, म्हणजे प्रत्येक चित्र निराळ्या जागेवरून घेतले जाते. मैदानात ते खपून जाते. खोलीत पलंगाचा पाय दोन जागी दिसतो, दाराची चौकट तुटते, कपाट वाकते. आजीसाठी काढलेली तिची पहिली खोली भूकंप झाल्यासारखी दिसत होती, आणि ती तिने पाठविली नाही.

उपाय तिला घरच्या धंद्यातून सुचला. मोबाईलच्या भिंगाशी दोरा बांधून त्याच्या टोकास तिने एक जड नट लटकविला, फरशीवर खडूने खूण केली, आणि नट त्या खुणेवरून न हलविता स्वतः मोबाईलभोवती फिरू लागली. जगातील इतर छांदिष्टही हाच उपाय करतात हे तिला मागाहून कळले. चौकटी सांधल्या. तरीही खोली कलंडलेलीच राहिली, कारण मोबाईल धरताना हात थोडा तिरपा होता. सरळ करावयास गेले तर छत डावीकडे घसरे, छत सावरले तर जमीन उठे. प्रोग्रामात तीन कोन भरावयाचे असतात : आडवे वळण, वर-खाली झुकणे आणि बाजूस कलणे. ते ती अंदाजाने भरी. शेवटी स्वतःच पायथनमध्ये चित्र फिरविण्याचा प्रयत्न केला, तोही फसला. दोन ओळींची अदलाबदल करताच एकदा जमले. का जमले, ते माहीत नाही.

गुरुजींनी तिचे गणिताचे पुस्तक मागितले. कोठीच्या पदपथावरून घेतलेले, दुसऱ्या कोणाच्या पेन्सिलीच्या खुणा असलेले. त्यांनी ते उघडलेच नाही. मुखपृष्ठ आपल्याकडे करून उभे धरले, उजवीकडे पाव वळसा दिला आणि मग त्याचे डोके आपल्यापासून दूर पाडले. पुस्तक कडेवर उभे राहिले, मुखपृष्ठ उजव्या भिंतीकडे. “आता हेच दोन वळसे, पण उलट्या क्रमाने.” आधी डोके दूर पाडले, मग उजवीकडे पाव वळसा. पुस्तक उताणे पडले, मुखपृष्ठ छताकडे. वळसे तेच, पुस्तक निराळे. मग त्यांनी विचारले, “तुझ्या नापास झालेल्या पेपरात मॅट्रिक्सवर काय विचारले होते?”

मुलगी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ए गुणिले बी आणि बी गुणिले ए सारखे नसतात हे उदाहरणाने दाखवा.”

“काय लिहिलेस?”

“सोडून दिला.”

प्रत्येक वळसा म्हणजे तीन ओळी व तीन रकाने असलेली नऊ आकड्यांची एक चौकट. जागा दर्शविणाऱ्या तीन आकड्यांस तिने गुणले की जागा फिरते. दोन वळसे म्हणजे दोन चौकटींचा गुणाकार, आणि क्रम बदलला की उत्तर बदलते. तिने ज्या दोन ओळींची अदलाबदल केली होती त्या याच. तिच्या विटीच्या कमानीत जे साइन-कोसाइन होते तेच या नऊ आकड्यांत बसले होते. ज्या विषयात ती नापास झाली होती तोच विषय ती रात्री दोन वाजेपर्यंत करीत होती, आणि दिवसा पुस्तक उघडले की तो तिला ओळखू येत नव्हता. तिने वहीत काही लिहावयास घेतले. लिहिताना तिचे डोळे भरून आल्याचे आम्ही पाहिले, न पाहिल्यासारखे केले.

गुरुजी मात्र मायेत विरघळणारे गृहस्थ नव्हेत. ते तिला म्हणाले की, जमले की पुढे जावयाचे आणि का जमले हे विचारावयाचे नाही, ही सवय कारागिरास परवडत नाही. तिचे वडील भिंत योगायोगाने सरळ उभी करतात काय? छंदास कोणी परीक्षक नसतो, म्हणून त्यात अर्धवट समजलेले खपते, आणि तिचे नेमके हेच झाले होते. आम्ही त्यात आमच्याकडून एवढीच भर घातली की, नापास होण्यापेक्षा सहा आठवड्यांचे मौन अधिक वाईट. ज्याने जमीन गहाण ठेवली त्यास निकाल त्याच दिवशी कळावयास हवा होता. तिने ते मान्य केले. आत्याबाईही नरमल्या, मात्र ताट नऊनंतर झाकून ठेवणार नाही असे त्यांनी बजावले. ते आम्हांस रास्त वाटले.

छंद सोडावा काय, हा वडिलांचा मूळ प्रश्न उरलाच होता. हैदराबादेचे नाव ज्याने छायाचित्रांनी जगभर नेले त्या राजा दीनदयाळांचा वृत्तांत आम्हांस येथे आठवला. १८४४ साली सरधना येथे त्यांचा जन्म झाला. बेगम समरूंनी बांधविलेल्या ख्रिस्तमंदिरामुळे हे गाव आपल्या वाचकांस परिचित असेल. रुडकीस इंजिनिअरिंगचे शिक्षण घेऊन ते इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीस लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो नोकरी सांभाळून. नोकरी सोडली ती कितीतरी वर्षांनी, त्या विद्येत पोट भरण्याची ताकद आल्यावर. मग ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, राजा ही पदवी मिळाली, सिकंदराबादेस आणि १८९६ साली मुंबईस त्यांचे स्टुडिओ निघाले. १९०५ साली ते वारले. प्रत्येक छांदिष्ट दीनदयाळ होत नाही हे आम्ही जाणतो. या मुलीचा विटीदांडू कोणी विकत घेईल असेही आम्हांस वाटत नाही, आणि तिच्या वडिलांस तशी आशा लावणे हे पाप होईल. परंतु नकाशे काढणारा हात आणि छायाचित्र रचणारा डोळा एकाच माणसाचे होते, आणि एकाने दुसऱ्यास मारले नाही, एवढे त्यावरून दिसते.

वडिलांस आम्ही लिहिले की, पुरवणी परीक्षेपर्यंत मुलीस परत आणू नये. रात्री अकरानंतर संगणक बंद, हे तिने कबूल केले आहे. दर रविवारी तिने फोनवर त्यांस पुस्तकातील एक गोष्ट आपल्या खेळातील उदाहरणाने समजावून सांगावी. त्यांस ती समजली नाही तर तिलाही समजली नाही असे धरावे. परीक्षेत पुन्हा अपयश आले तर तेव्हाचे तेव्हा पाहू, त्याची हमी आम्ही देत नाही. जाता जाता त्या दोऱ्याची आणि नटाची हकिकतही लिहिली.

पंधरा दिवसांनी त्यांचे उत्तर आले. “नट लटकवून काम होत नसतं, तो गिरक्या घेतो,” असे त्यांनी लिहिले होते, आणि आपला जुना पितळी ओळंबा गावातून हैदराबादेस जाणाऱ्या एका माणसाबरोबर त्यांनी मुलीकडे पाठविला होता. दर रविवारचे फोन चालू आहेत. मॅट्रिक्स त्यांस अद्याप समजलेली नाही, पण पुस्तकाचा प्रयोग त्यांनी विटेवर करून पाहिला आणि तो बरोबर निघाला.

परीक्षा झाली. निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही. पेपरच्या आदल्या रविवारी तिने ओळंब्याच्या आधाराने खोली पुन्हा टिपली आणि या वेळी चौकटी, कपाट, पलंग सारे जागच्या जागी बसले. भावाने मोबाईल आजीच्या हाती दिला. आजीने सावकाश फिरून सर्व पाहिले : खिडकीची जाळी, दोरीवरचा टॉवेल, भिंतीवर टांगलेली जपमाळ, झाकलेले ताट. मग मोबाईल वर केला. वर काळे वर्तुळ होते. छताचे छायाचित्र घ्यावयाचे ती घाईत विसरली होती.

त्या रात्री जालन्याहून कोठीस फोन गेला. हिच्या खोलीला पंखा आहे की नाही, आजी विचारते आहे. पंखा आहे. परंतु तोंडच्या शब्दावर आजीचा विश्वास बसलेला नाही, आणि खोली पुन्हा टिपावी लागणार आहे.